कठडा सगळ्यात शेवटी

२ फेब्रुवारी, सोमवार

सिनेमाच्या पार्कात गाइड म्हणून कायम झाले! पत्र आईच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि कपाटात माझ्या पदवीच्या कागदावर ठेवलं. बाबांनी पुन्हा बाहेर काढून वाचलं. ते सावकाश वाचतात, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून. वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगलं झालं."

"अहो, पोरगी कायम झाली, जरा तोंड उघडून बोला," आई म्हणाली. "आता काही खिळे नाहीत तुमच्या तोंडात."

काम करताना सुतार खिळे ओठांत धरतात. आईचं म्हणणं असं की बाबा ते घरी आल्यावरही काढायला विसरतात.

पार्कातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या उचकीनं तुझी नोकरी पक्की केली बघ." उचकीचं असं आहे. आमची उघडी गाडी जुन्या स्टुडिओतल्या रस्त्यावरून पाहुण्यांना फिरवते. दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, पोलीस ठाणं. समोरून सगळं खरं आणि मागून नुसता लाकडाचा सांगाडा. शेवटी चौक येतो, आणि चौकात एक उंच बाल्कनी. तिथं झिंगलेल्या भुताची गोष्ट सांगायची असते. फार वर्षांपूर्वी एक सुतार दारू पिऊन या बाल्कनीत चढला, खाली पडला, आणि अजूनही आपली बाटली शोधत इथं येतो. मग वरचा दिवा लुकलुकतो. गोष्ट आधीपासूनच होती. पण भोंगा (आमच्यातला सगळ्यात जुना गाइड, आवाजामुळे हे नाव) ती बातम्या दिल्यासारखी सांगायचा. मी तिच्यात झोकांड्या घातल्या आणि शेवटी एक उचकी. मी उचकी दिली की गाडीतले चाळीस जण आपोआप उचकी देतात. आता सगळ्या गाइडना ती शिकवली आहे. इतकी वर्षं साहित्य शिकले, त्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

घरी करून दाखवली. आई आधी हसली, मग थांबली. बाबा उठून आत गेले, चहा अर्धा तसाच टाकून.

"तिथल्या गोष्टी तिथंच ठेवत जा गं," आई म्हणाली. दमली असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

एक कल्पना सुचली आहे आणि ती डोक्यातून जात नाही.

बावीस तारखेला बाबांना साठ वर्षं पूर्ण होतात. पार्कात पन्नास, साठ, पंच्याहत्तर अशा मोठ्या वाढदिवसाच्या पाहुण्याला चौकातल्या त्या बाल्कनीत उभं करतात. खाली शूटिंगसारखी क्लॅपची पाटी मारतात, भोंगा (खरा, माणूस नव्हे) वाजतो, कागदी फुलं उडतात आणि अख्खा चौक टाळ्या वाजवतो. परवा एका आजींना उभं केलं तर त्या राणीसारखा हात हलवत होत्या, खाली यायलाच तयार होईनात.

हा रस्ता बाबांनी बांधला आहे! पार्क व्हायच्या आधी इथं स्टुडिओ होता आणि बाबा तिथं पंधरा वर्षं सेट उभारायचे. मी वर्षाची असताना त्यांनी ते काम सोडलं आणि दारं-कपाटं करणाऱ्या दुकानात लागले. का सोडलं विचारलं की म्हणतात, "खोटी घरं बांधून कंटाळलो." पुढे स्टुडिओ बंद पडला, पार्कवाल्यांनी जुन्या घरांना मागून लोखंड लावलं आणि रस्ता राखला.

आमच्या सांगण्यात नायिका येते, दिग्दर्शक येतो, नायकाचा घोडासुद्धा येतो. सुतार एकच येतो आणि तोही दारुडा. हे बरोबर नाही. बाबा त्या बाल्कनीत उभे राहतील आणि मी माइकवरून सांगेन की हे सगळं ज्यांच्या हातांनी उभं राहिलं ते हे. शिकून मोठी झाले ते कशासाठी, हे मला आज कळलं.

बाल्कनीचं मात्र आधी सांगायचं नाही. तेवढं गुपित.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे मावशीचा दिवस. ती माझी सख्खी मावशी नव्हे. बाबांच्या मित्राची बायको. तिचे यजमान मी लहान असताना तापानं गेले, असं आई सांगते. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते, गुरुवारी तिला सुट्टी असते, आणि मला आठवतं तेव्हापासून ती प्रत्येक गुरुवारी आमच्याकडे येते. माझी पहिली अक्षरं तिनं गिरवून घेतली. संध्याकाळी बाबा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला जातात. ती म्हणते, "तुझ्या बाबाच्या सोबतीपेक्षा खांबाची सोबत बरी. खांब निदान दिवा तरी दाखवतो."

आज मी चहा देताना विषय काढला. बाबा लगेच म्हणाले, "नको. साठ काय, सगळ्यांनाच होतात."

"वर्षातून एकदा घरच्यांना पास मिळतात, बाबा. मी तीन जणांची नावं दिली आहेत. मावशीचंसुद्धा."

"तिला कशाला?" आई एकदम म्हणाली. म्हणजे इतकी एकदम की मावशीला वाईट वाटलं असेल.

पण मावशीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मी येईन. मला एकदा बघायचंच होतं ते."

तिला सिनेमाची आवड आहे हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाबा अजून नाहीच म्हणतात. आज मी जरा चढ्या आवाजात बोलले. म्हटलं, तुम्हाला माझ्या नोकरीची लाज वाटते का? ते म्हणाले, "तुझी नाही वाटत." एवढंच. मी रडले, त्याचा आता राग येतो आहे. पदवीधर बाईनं असं हट्टाला पेटून रडू नये.

आई म्हणाली, "त्यांचं सोड. आपण घरातच काहीतरी गोड करू."

घरात! साठ वर्षं ते घरातच नाही का बसले?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! आणि ते मावशीनं केलं. निघताना चपला घालता घालता तिनं विचारलं, "मी तर जाणार आहे दादा. तुम्ही?"

बाबा खांद्यावरचा टॉवेल घडी करत होते. त्यांनी तो तीनदा घडी केला. मग म्हणाले, "वहिनी जाणार असतील तर येतो."

मी मावशीला मिठी मारली. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं, पण बघत होती बाबांकडे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळी तयारी झाली. मॅडमनी परवानगी दिली की उद्या अकराच्या गाडीवर मीच गाइड असेन. भोंगा म्हणाला, "बापासमोर उचकी दे जोरात, अभिमान वाटेल त्यांना." आईनं बाबांचा पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला. बाबा आज दुकानातून लवकर आले आणि खुर्चीचा एक डुगडुगणारा पाय बसवत बसले. तो डुगडुगत होता हे आम्हा कोणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

एकदाच विचारलं त्यांनी, "चौकातनं जाते का गं ती गाडी?"

म्हटलं, "चौकाशिवाय काय मजा!"

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज रजा टाकली आहे. जसं झालं तसं लिहिते.

सुरुवात इतकी छान झाली होती. आई आणि बाबा पहिल्या ओळीत, त्यांच्या मागे मावशी. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. रस्ता सुरू झाला आणि बाबा बदलले. मान वळवून वळवून खांब बघायला लागले. एका घराजवळ म्हणाले, "हे आमचं." मी गाडी थांबवायला सांगितली. बाबांनी शेजारच्या पाहुण्यांना सांगितलं की ती दगडी भिंत दगडाची नाही, प्लायवूडवर लाकडाचा भुसा आणि सरस थापलेला आहे, आणि पाऊस आला की हा सगळा किल्ला लापशीसारखा व्हायचा. लोक हसले. एका माणसानं विचारलं, "काका, मग नायक टेकून उभा राहायचा ते?"

"त्याला सांगून ठेवायचो, राजा, श्वास धर पण भिंतीला धरू नकोस."

गाडीभर हशा. बाबा! माझे बाबा! मी गळ्याशी लावलेला माइक धरून नुसती बघत राहिले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, हेच ते. हेच मला हवं होतं.

मग चौक आला.

मी रोजच्यासारखी गोष्ट सुरू केली. नाही, रोजच्यापेक्षा जास्त रंगवून. घरचे बसले होते ना समोर. सुतार कसा बाटली लपवून आणतो, शिड्या कशा त्याला दोन-दोन दिसतात, मग तो चुकीच्या शिडीवर पाय ठेवतो. झोकांड्या दिल्या. आईनं मला हातानं काहीतरी खूण केली, ती मला 'छान' अशी वाटली. मग उचकी. चाळीस जणांनी उचकी दिली. मागच्या बाकावरची एक मुलगी तर थांबेचना.

मावशी वर बघत होती, बाल्कनीकडे. दिवा लुकलुकला तेव्हाही तिची पापणी हलली नाही.

मी तशीच पुढे गेले. भोंगा वाजला, क्लॅप झाली. मी म्हटलं, "आणि आज हा रस्ता बांधणाऱ्या एका कलावंताला साठ वर्षं पूर्ण होत आहेत! बाबा, वर चला!" टाळ्या. बाबा उतरले. बाल्कनीच्या जिन्यापाशी गेले, पण जिना चढलेच नाहीत. वळसा घालून मागे गेले, जिथं पाहुण्यांना जायची मनाई आहे. मी धावले. ते बाल्कनीच्या खाली उभे होते आणि लोखंडी टेकू तळहातानं चाचपत होते. एक झाला, दुसरा झाला, मग परत पहिला.

"बाबा, लोक थांबलेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मी तिथं नसल्यासारखं.

बाहेर लोक तालात टाळ्या वाजवायला लागले होते. मी बाबांचा हात धरून त्यांना पुढे आणलं. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. वरून कागदी फुलं पडायला लागली, कारण त्याचं बटण वेळेवर ठरवलेलं असतं. बाबांच्या डोक्यावर, खांद्यावर लाल-पिवळे कागद, आणि ते खाली मान घालून बसलेले.

मावशी गाडीतून उतरून माझ्याजवळ आली. अगदी हळू म्हणाली, "तो पीत नव्हता गं."

माझ्या गळ्याशी माइक सुरूच होता. तिचं वाक्य अख्ख्या चौकात ऐकू गेलं. लोक हसले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. मागून कोणीतरी उचकी दिली.

मला तेव्हा कळलं, तो कोण होता. इतका वेळ का लागला, ते मलाच कळत नाही.

मावशी एकटीच फाटकाकडे चालत गेली. बाबा तिला सोडायला उठले नाहीत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत बाबांच्या दुकानात गेले. ते रंधा मारत होते. मी म्हटलं, मला सगळं ऐकायचं आहे. मालक समजूतदार आहे, बाहेर निघून गेला. बाबांनी रंधा बाजूला ठेवला, भुशावरच बसले आणि सांगितलं. माझ्या आयुष्यात ते एका वेळी इतकं कधी बोललेले नाहीत.

मावशीच्या नवऱ्याला सगळे डावरा म्हणायचे, कारण तो डाव्या हातानं हातोडी चालवायचा. बाबा उजव्या. म्हणून दोघांची जोडी छान जमायची, चौकटीच्या दोन बाजूंना दोघं, मध्ये कोपर लागत नाही. मावशीशी लग्न होऊन आठ महिने झाले होते.

सेटवर दोन प्रकारच्या बाल्कन्या असतात, बाबा म्हणाले. एक नुसती दिसायची, एक उभं राहायची. दिसायचीला खाली काही नसतं. उभं राहायची असेल तर आधी टेकू, मग फळी, आणि कठडा सगळ्यात शेवटी. हा सुतारांचा आपसातला नेम. कोणी कोणाला विचारत नाही. कठडा दिसला की खाली टेकू आहे असं समजून माणूस पाय ठेवतो.

त्या दिवशी दिग्दर्शकानं ऐन वेळी सांगितलं, नायिका डावीकडच्या नाही, या बाल्कनीत उभी राहील. कॅमेऱ्याचं माप घ्यायचं होतं. "कठडा तेवढा लावून द्या," म्हणाले. बाबांनी लावून दिला. टेकू जेवणानंतर लावू असं ठरवलं. मग जेवायची सुट्टी झाली. डावरा दुसऱ्या टोकाला काम करत होता, बाल्कनी बदलल्याचं त्याला ठाऊक होतं, टेकू राहिल्याचं नव्हतं. बाबा हात धुऊन बसले तर तो पडदा टांगायला आधीच वर गेलेला.

"त्यानं कठडा बघितला असणार," बाबा म्हणाले. "बघूनच चढला. तो कधी न बघता चढायचा नाही."

आणि दारू कुठून आली? अपघाताचा कागद कचेरीनं लिहून आणला होता. तोंडाला दारूचा वास येत होता, असा. खाली जोडीदाराची सही.

मी विचारलं, "तुम्ही वाचला नव्हता ना?"

"वाचला होता."

"मग?"

"तो पिऊन पडला नसेल, तर कठडा कोणी लावला हे विचारतील ना."

मला बाबांचा हात धरता आला नाही. हे मी लिहून ठेवते, कारण मला त्याची लाज वाटते. थोड्या वेळानं मी म्हणाले, मावशीला सांगा. खरं सांगितल्याशिवाय यातून सुटका नाही, तुमचीही आणि तिचीही. ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस." टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटतं, की शिकलेल्या माणसांना हे जमतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मावशी आली नाही. आईनं चार कप चहा ठेवला होता.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बाबा काही सांगणार नाहीत, तर मला करता येण्यासारखं काय आहे? विचार करून मॅडमना लेखी अर्ज दिला. एका कष्टकरी माणसाच्या मरणाची थट्टा करून आपण पाहुण्यांना हसवतो, हे पार्काला शोभत नाही. गोष्ट ताबडतोब बंद करावी. अर्ज चार वेळा लिहिला. कोणाचं नाव घातलं नाही. ज्याची गोष्ट तो दारुडा नव्हता, एवढं ठामपणे लिहिलं.

आज गाडीवर मी चौकात नुसती गप्प राहिले. भोंगा म्हणाला, "बरी आहेस ना? पाहुणे विचारत होते, उचकी कुठे गेली."

४ मार्च, बुधवार

गोष्ट काढली! मॅडमनी बोलावून सांगितलं. "अर्ज चांगला लिहिलास," म्हणाल्या. "कोणाच्या नातेवाइकांनी तक्रार केली तर उगाच नसती भानगड." उद्यापासून चौकात साबणाच्या फुग्यांचं यंत्र. बाल्कनीतला दिवाही काढला. सगळ्या गाइडच्या कागदांतून तो परिच्छेद खोडला.

पहिल्यांदाच वाटलं की आपण काहीतरी सरळ केलं. उद्या सुट्टी घेऊन मावशीकडे जाते. तोंड दाखवायला आता काहीतरी आहे माझ्याकडे.

५ मार्च, गुरुवार

मावशीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीशी शिलाई मशीन, खाटेवर कापडाचे गठ्ठे, घरी आणलेलं काम. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "अगं, ऊठ. तुला काय ठाऊक होतं!"

मग मी सांगितलं. अर्ज, मॅडम, खोडलेला परिच्छेद, सगळं. एका दमात.

ती सुईत दोरा ओवत होती. हात थांबला. "काढलीस?"

"हो. आता तिथं कोणी तसं बोलणार नाही."

"आणि काय बोलणार?"

"काहीच नाही. फुगे सोडणार आहेत."

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, "स्टुडिओ गेला. कचेरी गेली. कागद गेले. मी एकदा विचारायला गेले होते, तर म्हणाले, बाई, असं कोणी इथं नव्हतंच. त्या दिवशी तुझ्या गाडीत बसले, तू बोललीस ते खोटंच होतं, पण मला काय वाटलं सांगू? निदान रोज कोणीतरी म्हणतं तरी, की इथं एक सुतार होता. वर चढला होता. चाळीस माणसं वर बघतात." ती थांबली. "दारू काढायची होती गं. त्याला कशाला काढलंस?"

मी तिच्याजवळ सरकले.

"मी परत सांगेन मॅडमना. खरी गोष्ट..."

"खरी तुला कुठे माहीत आहे?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "माहीत आहे. बरं. मला नको सांगूस. तुझ्या तोंडून नको." पुन्हा सुई हातात घेतली. "सही तुझ्या बाबाची होती, ते मला आठव्या दिवशीच कळलं होतं. का केली ते तेवढं सांगेल, म्हणून दर गुरुवारी येत राहिले. बसथांब्यापर्यंत दर वेळी वाटायचं, आज बोलेल. बस यायची. बावीस वर्षं. माणूस वाईट असता तर मी कधीच सोडलं असतं. वाईट नव्हता ना, म्हणून बसले वाट बघत."

जिना उतरताना मला कठडा धरावा लागला.

८ मार्च, रविवार

सकाळी बाबा स्वतःच म्हणाले, "चल." पांढरा शर्ट घातला होता. वाटेत मी त्यांना सांगितलं, काही वगळू नका, बाबा. अर्धं खरं हे खोट्यापेक्षा वाईट. ते मान हलवत चालत राहिले.

मावशीनं दार उघडलं. बाबा बसेनात. उभ्या उभ्याच, भिंतीकडे बघून म्हणाले, "वहिनी, कठडा मी आधी लावला होता."

मग सगळं सांगितलं. टेकू, फळी, दिग्दर्शक, माप. कागद. सही. हातांनी दाखवत होते, कुठे काय होतं, जणू समोर चौकट उभी आहे आणि पलीकडून कोणीतरी धरलं आहे. मावशी खाटेच्या कडेला बसून ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "म्हणजे बघून चढला."

"बघून चढला, वहिनी. त्याची काही चूक नाही."

ती मान डोलवत राहिली. तिचा चेहरा सैल झाला होता. मला वाटलं, झालं. सुटली बिचारी. माझंच बरोबर होतं.

मग ती म्हणाली, "मला एवढंच समाधान होतं बघा. संध्याकाळी तुम्ही त्याचा डबा आणून दिलात, तो रिकामा होता. धुतलेला. मी म्हटलं, जेवून तरी गेला. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी रागारागात डबा भरला होता. तरी जेवला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मला आत्ता लिहिताना ते बघणं दिसतं आहे. ते विचारत होते. साठ वर्षांचा माणूस आपल्या शिकलेल्या मुलीला विचारत होता, हेही? आणि मी मान हलवली. थोडीशीच. पण हलवली.

बाबा म्हणाले, "नाही वहिनी. डबा भरलेला होता. उघडलाच नव्हता त्यानं. पडदा टांगून मग बसू म्हणून तो तसाच वर गेला होता. मला तो तसा तुमच्या हातात देववेना. मी नळावर रिकामा केला. धुतला."

खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. मावशी माझ्याकडे नाही, बाबांकडेही नाही, आपल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग तिनं पदर तोंडावर घेतला. बावीस वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. आवाज असा नव्हताच, खांदे तेवढे हलत होते. मी जवळ गेले तर तिनं हातानं मला लांब राहायची खूण केली.

बाबा आता खाली बसले होते, फरशीवर.

मग मावशी उठली. मोरीत जाऊन तोंड धुतलं. शेगडी पेटवली. म्हणाली, "जेवून जा."

"नको वहिनी."

"जेवून जा म्हटलं ना."

तिनं दोघांना वाढलं. स्वतः समोर बसली, पण जेवली नाही. बाबा एक-एक घास मोजल्यासारखे जेवत होते, मान वर न करता. संपत आलं की ती पुन्हा वाढायची. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही, आणि ताटात काही ठेवलं नाही. माझं ताट मात्र तसंच राहिलं. मला तिनं आग्रह केला नाही.

जेवण झाल्यावर बाबा ताट उचलून मोरीकडे निघाले. मावशीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "ते मी धुते."